गळतीखालचा वृक्षनेचा

वन्सं, तो सोमवार येऊन गेला. त्याच्या पुढचेही गेले. शनिवारी संध्याकाळी तुम्ही "सोमवारी सांगते" म्हणालात आणि रविवारी सकाळी कपात अर्धा चहा ठेवून निघून गेलात. सगळी सोसायटी म्हणते आहे, किती शांतपणे गेल्या, कुणाला त्रास म्हणून दिला नाही. मला कुणी विचारलं नाही. अर्धं भांडण दुसऱ्याच्या अंगावर टाकून जाणं याला आमच्या माहेरी शांतपणे जाणं म्हणत नाहीत.

प्रश्न साधा होता. आपली इमारत आणि शेजारची इमारत यांच्यामधल्या बोळात तुमचा वृक्षनेचा, ते झाडाएवढं वाढणारं फर्न, उभा आहे. त्याच्या बरोबर डोक्यावर, टाकीवरून आपल्या घरात येणाऱ्या पाइपचा सांधा गळतो. त्या गळतीवर नेचा जगतो. त्याच गळतीने आपल्या मागच्या दोन्ही खोल्यांच्या भिंतीला ओल येते, पोपडे पडतात, काळी बुरशी धरते. आणि त्या भिंतीशी पलंग लावून तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा झोपतो, ज्याला दमा आहे. त्या शनिवारी डॉक्टर घरी आले, भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "औषधं मी कितीही वाढवीन हो. आधी ही भिंत कोरडी करा." ते गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "वन्सं, झाड की भाऊ, एकदाच काय ते सांगा."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "सोमवारी सांगते," म्हणालात.

ही तुमची कॉलेजातली सवय. विद्यार्थ्याने शंका विचारली की तोंडाला येईल ते उत्तर द्यायचं नाही, घरी येऊन पुस्तकं उघडायची आणि सोमवारी सांगायचं. निवृत्त झालात तरी ती सुटली नाही. फ्रीज बदलायचा का, कुणाच्या लग्नाला जायचं का, भाचीला आलेलं स्थळ कसं वाटतं, सगळ्याला एकच उत्तर. पण तुमचं एक होतं. सोमवारी तुम्ही खरंच सांगायचात. मी ओट्याशी कांदा चिरत असताना मागे येऊन उभ्या राहायचात आणि खाकरायचात. म्हणून तर त्या शनिवारी मी पुढे वाद घातला नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरात माणसं येत होती, जात होती, आणि ती गेली की एकच आवाज उरायचा, बोळातला, टप टप. तुमचा भाऊ मागच्या दारातल्या पायरीवर बसून तो ऐकत राहायचा. मी म्हटलं, अहो, आत या, तिथे गारवा आहे. तर म्हणाले, "ताईचं झाड आहे. राहू दे आता जसं आहे तसं." एवढं बोलण्यात दोनदा थांबले, खिशातून पंप काढून तोंडात घेतला. ज्याचा श्वास वाचवायचा तोच म्हणतो आहे राहू दे. उद्या त्यांना काही झालं तर गळती ठेवली म्हणून मी दोषी, आणि झाड मेलं तर तुमची तिरडी उठते न उठते तोच पाणी तोडलं म्हणूनही मीच. वन्सं, मला तुम्हा दोघा भावंडांच्या मध्ये उभं करून गेलात तुम्ही.

त्यात चेअरमन देवधर. ते दाराशीच उभे राहून म्हणाले, "वहिनी, घाई अजिबात नाही. दिवस होऊन जाऊ देत. पण पाणीकपात लागते आहे आणि आपल्या बोळात बारमाही धबधबा, हे काही बरं दिसत नाही." तुम्ही असतात तर त्यांना तिथल्या तिथे वाटेला लावलं असतंत. मी नुसती मान हलवली.

त्यांचा राग जुना आहे. सोसायटीच्या सभेत ते पहिल्यांदा गळती दुरुस्तीचा विषय घेऊन उभे राहिले तेव्हा तुम्ही शांतपणे हात वर केलात आणि म्हणालात, "ही गळती नाही, हा अधिवास आहे." देवधरांनी इतिवृत्तात काय लिहायचं ते विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "अधिवास. धि ऱ्हस्व. लिहा सरळ." पाइप आपल्या घराचा, तेव्हा आपल्या संमतीशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. त्या दिवशी घरी येताना मला हसू आवरत नव्हतं. पुढे किती पावसाळे त्या हसण्याची किंमत ती भिंत देणार आहे, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मी नेच्याला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली. "महाबळेश्वरहून चोरून आणलंत ना?" असं विचारलं तेव्हा तुम्ही खऱ्याखुऱ्या रागावलात. म्हणालात, "जंगलातून मी एक मूळ उपटलेलं नाही. ओढ्याकाठी पडलेलं पान उचललं, बस." त्या पानाच्या पाठीवरची तपकिरी पूड तुम्ही काचेच्या बरणीत ओल्या मातीवर झटकली आणि मला रोज बोलावून दाखवू लागलात. मला हिरवं शेवाळ दिसायचं. तुम्हाला त्यात नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसायचे, आणि त्या हृदयांतून केव्हातरी पहिलं पान येणार म्हणून तुम्ही जीव टाकत होतात. बरणीतून कुंडीत, कुंडीतून बोळात. बोळात तो कित्येक महिने नुसता रुसून बसला होता. मग पाइपचा सांधा सुटला आणि नेचाही सुटला. आता त्याचं खोड माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि पानं पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकतात.

"ना फूल ना फळ," मी म्हणायचे. "देवाला वाहायला एक पाकळी नाही, आणि थाट बघा." एकदा तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "फुलं जगात यायच्या आधीपासून आहेत गं ती. त्यांचं काही अडलं नाही. माझंही नाही." त्यावर मी पोळी लाटत राहिले. तुमच्या लग्न न करण्याबद्दल आपण दोघी एवढंच एक वाक्य बोललो, आणि तेही तुम्हीच.

जेवणाच्या टेबलावर तुम्ही आम्हाला कुठे कुठे नेऊन आणलंत! निलगिरीच्या शोला-जंगलांत, सिक्कीमच्या उतारांवर, टास्मानियाच्या घळींत, जिथे वणवा येऊन जातो, खोडाचा कोळसा होतो आणि तरी शेंड्यातून हिरवी गुंडाळी वर येते. दक्षिण अमेरिकेतल्या ढगांच्या जंगलात, जिथे पाऊस पडत नाही तेव्हाही झाडं ठिबकत असतात. कुठल्याशा समुद्राच्या मधोमध एकट्या बेटाच्या टोकावर, जिथे ढग अडतो तेवढ्याच जागेत नेचे उरलेत. वरणभात गार व्हायचा. मी म्हणायचे, सगळीकडे आहेत तर मग एवढं कौतुक कसलं? तुम्ही म्हणायचात, "सगळीकडे नाहीत. सगळीकडे थोड्या थोड्या जागेत आहेत. ऊन फार नको, गारठा फार नको, वारा नको, पाणी साचायला नको आणि तुटायलाही नको." मी म्हटलं, "म्हणजे अगदी तुमच्यासारखं." तुमचा भाऊ ठसका लागेपर्यंत हसला होता.

आणि न्यूझीलंड. आमच्या अनिकेतने तिथून तिकिटं पाठवली ती आईबाबांनी नातवाला बघावं म्हणून, आणि आत्याबाईंनी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, जंगल किती लांब आहे? तिथे तुम्ही भुरभुर पावसात मान वर करून ज्या उभ्या राहिलात त्या हलेनात. तीन-चार माणसांच्या उंचीचे नेचे, वर छत्र्या उघडल्यासारखे. एका पानाची मागची बाजू तुम्ही मला उलटून दाखवलीत, चांदीचा वर्ख लावल्यासारखी पांढरी. तिथली जुनी माणसं म्हणे अशी पानं वाटेवर उलटी टाकत जात, चांदण्यात परतीचा रस्ता दिसावा म्हणून. मग माझा हात धरून तुम्ही तो एका खोडावर ठेवलात. ओलं, केसाळ, काथ्याच्या पायपुसण्यासारखं. म्हणालात, "हे खोड नाही, नीला. आतला दांडा बारीकच असतो. ही बाहेरून लपेटलेली सगळी मुळं आहेत. त्याला उभं धरलंय ते मुळांनी."

माझं लक्ष तुमच्या भावाच्या छातीकडे. पण त्या दिवशी त्यांना एकदाही पंप लागला नाही. तुम्ही विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलंत. "बघ, ओलीने काही होत नाही त्याला." पुण्यात परत आल्यावर तो वाद आपण किती वेळा घातला! मी म्हणायचे, ती ओल वाहत्या हवेतली, ही बंद भिंतीतली, हिच्यात बुरशी आहे. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या बाई, तुम्हाला मी बुरशी म्हणजे काय ते सांगायचं? वन्सं, तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही. त्या वादात माझंच बरोबर होतं, आणि मला आता वाटतं, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले आणि शुभांगी आली. तुमची विद्यार्थिनी, महाबळेश्वरच्या अलीकडे ओढ्याकाठी जिची छोटी नर्सरी आहे ती. तुमच्या फोटोला नमस्कार करून ती सरळ मागच्या दारी गेली, नेच्याभोवती एक चक्कर मारली, आणि मला म्हणाली, "काकू, मग काय ठरवलंत तुम्ही?"

"कशाचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मॅडमनी विचारलं नाही तुम्हाला?"

मी म्हटलं, "बाई गं, सरळ बोल. कोड्यात बोलणारं एक माणूस नुकतंच पोचवून आलोय आम्ही."

मग तिने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी, आपलं भांडण झाल्यावर, तुम्ही तिला फोन केलात. म्हणालात, गळती बंद करायची आहे, बाळूचा श्वास आधी. पण उन्हाळा तोंडावर आहे, गळती थांबली तर नेच्याच्या खोडाला दिवसातून तीन वेळा हाताने पाणी मारायला लागेल. आणि माझ्या बोटांना आता फवारणीचा पंप दाबवत नाही.

"मॅडम म्हणाल्या, सोमवारी नीलाला विचारते, करशील का म्हणून," शुभांगी म्हणाली. "ती नाही म्हणाली तर तू टेम्पो घेऊन ये. मी म्हटलं, मॅडम, आत्ताच विचारा ना, सोमवार कशाला? तर हसल्या. म्हणाल्या, अगं, जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न घातले. कुणाकडे काही मागितलेलं नाही. दोन दिवस तालीम तरी करू दे."

मी मागच्या पायरीवर बसले, तुमचा भाऊ बसतो तिथे. मला पहिल्यांदा आठवली ती डब्यांची झाकणं. गेले कित्येक महिने मी तुमच्यावर खेकसत होते, वन्सं, पापड सादळले, पोहे सादळले, झाकण तेवढं नीट लावत चला. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि पुन्हा झाकण नुसतं टेकवून ठेवायचात. सांगायचं होतंत की! बोटं वळत नाहीत एवढं एक वाक्य. टास्मानियाच्या वणव्यावर तासभर बोलता येतं माणसाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला, जरा हे झाकण लाव गं, असं म्हणता येत नाही? मला तुमचा त्या क्षणी इतका राग आला की शुभांगीसमोर रडू फुटलं. तिला वाटलं, दुःखाने. तेही होतंच.

म्हणजे झाड की भाऊ हा माझा प्रश्न तुम्ही शनिवारीच निकालात काढला होतात. त्याला वेळ लागलाच नव्हता. तुमचे दोन दिवस लागणार होते ते मला विचारायला. आणि इतकी वर्षं त्या गळक्या सांध्याला हात लावू दिला नाहीत, ते अधिवास वगैरे ठीक आहे, पण पाइप आपोआप गळतो, त्याला कुणाला विनंती करावी लागत नाही, हेही असणार. आपल्या घरात एकमेकांना टोमणे मारायला कुणी लाजत नाही. मदत मागताना मात्र सगळ्यांच्या जिभेला गाठ पडते. मीही त्याच घरची आता.

सोमवारी प्लंबर आला. मीच फोन केला होता. तुमचे बंधू पुढच्या खोलीत पेपर उघडून बसले आणि एक पानही उलटलं नाही. शिडी लागली, पाना फिरला, जुना सांधा गंजून अडकला होता म्हणून त्याने हातोडी घेतली. एकेका ठोक्याला नेच्याची पानं हलत होती. आणि मग टप टप थांबलं. वन्सं, इतकी शांतता मला तुम्ही गेलात त्या सकाळीही ऐकू आली नव्हती. प्लंबर खाली उतरून म्हणाला, "झालं काकू. आता थेंब नाही पडणार." मी त्याला चहा दिला.

दुपारपर्यंत पानांची टोकं मिटायला लागली. वर आभाळाच्या पट्टीतून नुसती झळ उतरत होती. मी घाबरून बादली भरली आणि तुळशीला घालतात तशी बुंध्याशी ओतली. पुन्हा एक. काही नाही. शुभांगीला फोन लावला तर ती ओरडलीच, "काकू, खाली नाही! खोडाला! वरून खाली भिजवा, मुळं बाहेर आहेत त्याची!" तुम्ही न्यूझीलंडला माझा हात धरून हेच सांगितलं होतंत आणि मी तेव्हा तुमच्या भावाचा स्वेटर शोधत होते.

तेव्हापासून हेच चाललंय. सकाळी, दुपारी, उन्हं उतरल्यावर. गुलाबांवर मारतात तो फवारणीचा पंप आणलाय. आता घरात दोन पंप झाले, एक तुमच्या भावाचा, एक तुमच्या नेच्याचा. खोड भिजलं की त्याला ओल्या गोणपाटाचा वास येतो, तोच वास, न्यूझीलंडच्या जंगलातला. शेंड्यात न उलगडलेल्या पानांच्या दोन गुंडाळ्या होत्या. एक काळी पडली, हात लावला तर गळून हातात आली. दुसरी अजून बंद मुठीसारखी आहे, लव अंगावर, टणक. ती जिवंत आहे की नुसती उभी आहे, मला कळत नाही. रोज बघते. कुणाला विचारू? ज्यांना विचारायचं त्या फोटोत आहेत.

भिंत सुकते आहे. खडूसारखी पांढरी होत चालली आहे. काल तुमचा भाऊ मागच्या खोलीत दुपारी आडवा झाला आणि तासभर न खोकता झोपला. मी दारात पंप घेऊन उभी, एक कान त्यांच्या श्वासाकडे, एक डोळा तुमच्या झाडाकडे. उठल्यावर ते मागे आले, माझ्या हातातला पंप घेतला आणि दोन-चार वेळा दाबून बघितला. म्हणाले, "बराच जड जातो गं हा." दोघांनाही तुमची बोटं आठवली असणार.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. त्या सोमवारी तुम्ही ओट्याशी येऊन, खाकरून, मला विचारलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं. उगाच गेलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणार नाही. मी म्हटलं असतं, वन्सं, भावाची उस्तवार मी करते, घराचं मी बघते, आता तुमच्या झाडाला आंघोळही मीच घालू? आणि तुम्ही "बरं" म्हणून टेम्पो बोलावला असतात. तुम्हाला हे माहीत होतं. तरी विचारणार होतात. "नाहीच म्हणेल ती, पण विचारायला हवं," असं म्हणालात म्हणे शुभांगीला. माझी एवढी ओळख आणि माझा एवढा मान, दोन्ही एका वाक्यात, आणि ते मी ऐकायचं तुम्ही गेल्यावर, परक्या मुलीच्या तोंडून.

आज सकाळी तिचा फोन आला होता. मी बोळातच होते, खोडाला पाणी मारत. ती म्हणाली, एवढ्या उन्हात हलवला तर मरेल, पण पाऊस लागला की हरकत नाही. तिच्या ओढ्याकाठी जागा तयार आहे, सावलीची, पाणी वाहतं आहे, तुम्ही पान उचललंत त्याच्या जवळच. "तिथे तो सुखात राहील, आणि तुम्हीही सुटाल, काकू."

ती सगळं खरं बोलत होती. मी वर बघितलं. ती एक गुंडाळी तशीच होती, मिटलेली.

"मग जूनमध्ये टेम्पो घेऊन येऊ ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "सोमवारी सांगते."